२२ फेब्रुवारी १९४६ : बंड नाविकांचे, मृत्यू गिरणगावाचे

चिंचपोकळी पूल (धागाकर्ता)

शाही भारतीय नौदलातल्या नाविकांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाविषयी दर वर्षी फेब्रुवारीत जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा समुद्राच्या बाजूनेच लिहिलेले असते. कुलाब्यातल्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातले निकृष्ट जेवण, तिथला प्रमुख कमांडर किंग याची वंशद्वेषी शिवीगाळ, भिंतींवर ‘भारत छोडो’ आणि ‘जय हिंद’ रंगवल्याबद्दल बी. सी. दत्त या नाविकाला झालेली अटक, १८ फेब्रुवारीला सकाळच्या जेवणावर टाकलेला बहिष्कार, नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे याने आकाशवाणीवरून दिलेली धमकी आणि २३ तारखेची शरणागती, एवढ्या टप्प्यांत ती कथा आटोपते. ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २०,००० नाविक हे आकडेही आता पाठ झाले आहेत.

मागे एकदा कूपरेजजवळच्या त्या बंडाच्या स्मारकापुढे उभा असताना एक गोष्ट मनाला फार लागली. सरकारी मोजणीप्रमाणे मुंबईत त्या आठवड्यात २२८ नागरिक मारले गेले आणि १,०४६ जखमी झाले. मेलेल्यांत गणवेशातली माणसे अगदी थोडी होती. बाकीची माणसे परळ, लालबाग, डिलाईल रोड, भेंडी बाजार, गिरगाव अशा वस्त्यांतली होती. नाविकांनी ज्या दिवशी तोफांची तोंडे वळवली, त्या दिवसाविषयी आपण लिहितो. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी २२ तारखेला, सुमारे तीन लाख कामगारांनी काम बंद ठेवले, विद्यार्थी वर्गाबाहेर पडले, रस्त्यांवर अडथळे उभे राहिले आणि शहर ताब्यात आणण्यासाठी लष्कराच्या दोन बटालियन उतरवाव्या लागल्या, याला आपण फार तर एक परिच्छेद देतो.

माझा मूळ प्रश्न असा आहे. त्या दिवसाच्या हरताळाची हाक कम्युनिस्ट पक्षाने दिली होती आणि अरुणा असफ अली, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे काँग्रेसमधले समाजवादी तिच्या बाजूने होते. शहरातली सर्वांत मोठी संघटना जी काँग्रेस, तिच्या वतीने सरदार पटेल यांनी मात्र लोकांनी आपले नेहमीचे व्यवहार चालू ठेवावेत असे स्पष्ट सांगितले होते. मुस्लिम लीगही हरताळाच्या बाजूची नव्हती. मग एका रात्रीत दिलेल्या हाकेवर, दोन्ही मोठ्या पक्षांचा विरोध असताना, भोंगे वाजूनही गिरण्या रिकाम्या कशा राहिल्या? ‘लोक भडकले होते’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. भडकलेले लोक दगड मारू शकतात. तीन लाख माणसांनी सकाळच्या पाळीला जायचेच नाही, यासाठी आधीपासून बांधलेले काहीतरी हाताशी असावे लागते. जाणकारांनी लिहावे.

साचाखाते

तुमचा शेवटचा मुद्दा नेमका आहे आणि त्याचे उत्तर १९४६ मध्ये सापडणार नाही. ते १९२८ मध्ये शोधावे लागेल.

१९२८ च्या संपाचे कारण साधे होते. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, साचेवाल्याने, म्हणजे सूत कातणाऱ्याने, साच्याच्या एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात आणि दर मात्र त्या प्रमाणात वाढू नयेत, असा मालकांचा नवा हिशेब होता. त्याला ‘कार्यक्षमता’ म्हटले जाई. त्याचा अर्थ खात्यातल्या प्रत्येकाला कळत होता: तीन माणसांचे काम दोघे करणार आणि तिसरा घरी जाणार. एप्रिलमध्ये सुरू झालेला तो संप ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. गिरणी कामगार युनियन जन्मली ती याच संपात. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर या कम्युनिस्ट नेत्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, परंतु अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले यांच्यासारखे स्वतः गिरणीत काम केलेले लोक तिच्या अग्रभागी होते, हे तितकेच महत्त्वाचे आहे. ना. म. जोशी यांच्यासारख्या मवाळ नेत्याच्या युनियननेही त्या वेळी एकत्र समितीत बसून काम केले.

सहा महिने पगार नसताना दीड लाख माणसे जगली कशी, याचा विचार केला की गिरणगावाची खरी बांधणी दिसते. रत्नागिरीकडचे कामगार पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आधी गावाला निघून गेले. तिकडे भाताचे दोन तुकडे होते, लावणी होती, म्हणजे निदान पेज मिळणार होती. जे राहिले ते वाण्याच्या उधारीवर, खानावळवालीच्या भरवशावर आणि गावकीच्या खोलीत राहिले. एका गावाची वीस-पंचवीस माणसे एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत असत. गावचा नातेसंबंध, खोलीचे भाडे, देवाची वर्गणी आणि संपाचा निरोप हे सर्व एकाच खोलीतून जात असे. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, मात्र दोन्हीकडे असायचा. नोकरी तोच लावायचा आणि कर्जही तोच द्यायचा, त्यामुळे तो संपाच्या बाजूने वळला तर खाते रिकामे व्हायचे आणि मालकाच्या बाजूने गेला तर बदली कामगार भरले जायचे. युनियनने हे ओळखून जॉबरला वळसा घातला आणि गिरणी समित्या उभारल्या. प्रत्येक गिरणीत कामगारांनीच निवडलेली माणसे, ज्यांच्यामार्फत तक्रारही वर जाईल आणि हाकही खाली येईल. त्या वर्षाअखेर युनियनची सभासद-संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली होती.

२० मार्च १९२९ रोजी कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत कट खटल्यासाठी देशभरातून ३१ जणांची धरपकड झाली, लगेच झालेला दुसरा संप फसला आणि युनियन पार खिळखिळी झाली. तरीही समित्यांची सवय गेली नाही. १९३४ चा संप, २ ऑक्टोबर १९३९ चा युद्धविरोधी एक दिवसाचा संप (त्यात ९०,००० कामगार होते) आणि मार्च १९४० चा महागाई भत्त्यासाठीचा संप, हे सर्व त्याच सवयीवर झाले. १९४६ च्या फेब्रुवारीत जी माणसे चाळीचाळींतून निरोप घेऊन फिरली, त्यांतल्या चाळिशीतल्या माणसांनी तरुणपणी १९२८ पाहिलेले होते.

दस्तऐवज

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु धाग्याच्या मांडणीत पटेलांची भूमिका केवळ ‘विरोध’ या एका शब्दात आली आहे, ती थोडी उलगडायला हवी.

१९ फेब्रुवारीला, म्हणजे बंडाच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटिश संसदेत सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी कॅबिनेट मिशन पाठवण्याची घोषणा झाली. तो निर्णय आधी झालेला होता. बंडामुळे तो घेतला गेला असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण काँग्रेसच्या नेतृत्वाला सत्तांतर आता हाताच्या अंतरावर दिसत होते, हे खरे आहे. अशा वेळी सशस्त्र दलांची शिस्त मोडली, तर उद्या तेच दल आपल्या हाती येईल तेव्हा काय करायचे, ही पटेलांची चिंता होती आणि मार्चच्या आरंभी लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी ती उघडपणे मांडली: स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे. या चिंतेला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गांधीजींचा आक्षेप वेगळा होता. हिंसक कृतीसाठी हिंदू-मुसलमानांनी एकत्र येणे त्यांना अमंगळ वाटले. त्यावर अरुणा असफ अली यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. घटनात्मक वाटाघाटींपेक्षा रस्त्यावरच्या अडथळ्यांपाशी हिंदू-मुसलमानांना एकत्र आणणे आपल्याला अधिक पसंत आहे, असे त्या म्हणाल्या.

दुसरी गोष्ट अशी की २२ आणि २३ तारखेला जे घडले ते सगळेच शिस्तबद्ध नव्हते. धान्याची दुकाने फोडली गेली, टपाल कचेऱ्या आणि बँका यांवर हल्ले झाले, गाड्या जाळल्या गेल्या. देशभर धान्याची टंचाई होती आणि शिध्यात कपात चालू होती, ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. हा हरताळ नाविकांच्या सहानुभूतीसाठी होता तसाच तो रिकाम्या डब्यांचाही होता, असे माझे मत आहे, आणि म्हणूनच तो कोणत्याही एका पक्षाच्या हाती राहिला नाही. हाक देणाऱ्या पक्षाच्याही नाही.

रुइया नाका

विद्यार्थ्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण ‘कामगार आणि विद्यार्थी’ ही जोडी आपण सहज उच्चारतो, पण मुंबईत ती नेहमी जोडीने चालली नाही.

३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा युसुफ मेहरअली आणि त्यांच्या युवक संघटनेची मुले निदर्शनाला पुढे होती. त्यानंतर अडीच महिन्यांनी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. दोन्ही घटना एका शहरात, एका वर्षात, पण महाविद्यालयीन मुलाचे गिरगाव-फोर्ट आणि कामगाराचे परळ यांच्यामध्ये ट्रामच्या तिकिटापेक्षा मोठे अंतर होते.

१९३६ मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी संघटना स्थापन झाली आणि १९४० च्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात ती फुटली. एक भाग कम्युनिस्टांकडे, दुसरा राष्ट्रीय काँग्रेसवादी विद्यार्थ्यांचा. या फुटीचा परिणाम १९४२ मध्ये स्पष्ट दिसला. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, दुसऱ्या दिवशी नेते पकडले गेले आणि लढा चालवला तो मुख्यतः विद्यार्थ्यांनी. वर्ग ओस पडले, पत्रके छापली गेली, आणि विद्यार्थीदशेतल्या उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत. गिरण्या मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झाल्या. अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या आणि लढ्याची सर्वाधिक परंपरा असलेल्या मुंबईच्या चालू राहिल्या, याचे कारण कम्युनिस्ट पक्षाने सोव्हिएत रशियावरील हल्ल्यानंतर युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानले होते आणि उत्पादन थांबवू नये ही त्याची भूमिका होती. त्या पिढीतल्या राष्ट्रवादी विद्यार्थ्यांच्या मनात लाल बावट्याविषयी जो राग साचला, तो खोटा नव्हता. मी स्वतः डाव्या विचारांचा आहे, तरी १९४२ ची ती भूमिका चूक होती असेच मला वाटते.

हे लक्षात घेतले की १९४६ चे वेगळेपण कळते. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात खटला सुरू झाला आणि त्या प्रश्नावर फुटलेल्या संघटना पुन्हा रस्त्यावर एकत्र येऊ लागल्या. कलकत्त्यात २१ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला. तिथेच ११ फेब्रुवारीला आझाद हिंद सेनेचे कॅप्टन रशीद अली यांच्या शिक्षेविरुद्ध लीगचे विद्यार्थी आणि डावे विद्यार्थी एका मिरवणुकीत चालले. मुंबईत त्याच महिन्यात नाविकांनी काँग्रेसचा तिरंगा, लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र लावले, तेव्हा ती कल्पना हवेतून आलेली नव्हती. नाविकांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग होते आणि त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका व इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावणे याही होत्या. चार वर्षांपूर्वी एकमेकांच्या सभा उधळणारे विद्यार्थी २२ तारखेला एकाच बाजूला उभे राहिले, हे माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे.

नायगाव

गिरणगावाची एकजूट सांगताना तिच्या आतली भिंतही सांगितली पाहिजे. विणखात्यात पगार अधिक होता आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे. कारण असे की सुताची नवी कांडी धोट्यात (आडवा धागा नेणाऱ्या मागाच्या भागात) बसवताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि स्पृश्य विणकरांना तो विटाळ वाटे. आमची माणसे साचाखात्यातल्या कमी पगाराच्या कामांवर राहिली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेत्यांना हा प्रश्न विचारला की तुमच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही. ती यादीत घातली गेली, पण मनापासून नव्हे.

म्हणूनच ७ नोव्हेंबर १९३८ चा दिवस मला अधिक मोलाचा वाटतो. मुंबई प्रांतातल्या काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकात सक्तीचा समेट होता आणि बेकायदा ठरलेल्या संपाबद्दल तुरुंगवास होता. विधिमंडळात बाबासाहेबांनी मांडले की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. मग स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी वाद घातला होता, त्यांच्यासह बाबासाहेब कामगार मैदानावर एका व्यासपीठावर उभे राहिले. कायदा तरीही झाला. पण परळच्या ज्या मैदानातून १९४६ ला माणसे बाहेर पडली, तिथे ही जवळीक एकदा घडून गेलेली होती, एवढे इथे नोंदवावेसे वाटते.

चिंचपोकळी पूल (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. नायगाव, तुमचा प्रतिसाद माझ्या मांडणीत राहून गेलेली मोठी उणीव भरून काढतो.

दस्तऐवज, पटेलांची चिंता मला समजते आणि तिला भित्रेपणा मीही म्हणणार नाही. तरी एक गोष्ट मला पटत नाही. नाविक शरण आले ते पटेलांच्या आश्वासनावर, की कोणावरही सूड घेतला जाणार नाही. जिनांनीही तसेच आवाहन केले. त्यानंतर शेकडो नाविकांना पकडून छावण्यांत ठेवले, नोकरीतून काढले, आणि स्वतंत्र भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलात त्यांना परत घेतले गेले नाही. शिस्तीची चिंता खरी होती, पण दिलेला शब्दही तितकाच खरा असायला हवा होता. त्यांच्या बाजूने त्या चार दिवसांत कोण उभे राहिले, हे नाविकांना पुरते ठाऊक होते. जहाजांचा शिधा तोडला गेला तेव्हा गेटवेपाशी लोकांनी फळे, पाव, पाण्याच्या घागरी आणून बोटींत चढवल्या. संप समितीने शरणागतीच्या वेळी जनतेला उद्देशून जो अखेरचा संदेश काढला, त्यात म्हटले होते की सैनिकांचे आणि रस्त्यावरच्या माणसांचे रक्त एकाच ध्येयासाठी प्रथमच एकत्र वाहिले आहे आणि आम्ही हे कधी विसरणार नाही. विसरलो ते आपण, नाविक नव्हेत.

साचाखाते

एक पुरवणी. त्याच वर्षी मुंबई प्रांताने औद्योगिक संबंध कायदा केला. मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा होते. या कायद्याने एका उद्योगात, एका क्षेत्रात, एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन मानायची आणि मालकांशी बोलण्याचा अधिकार तिलाच द्यायचा, अशी व्यवस्था झाली. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती जागा पुढे काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. फेब्रुवारीतल्या हरताळाला उत्तर म्हणून हा कायदा आला, असे मी म्हणणार नाही. १९३८ पासूनची ती एकच वाट होती. परंतु गिरणी समित्यांतून खालून वर जाणारा आवाज कायद्याच्या दृष्टीने त्यानंतर अनधिकृत ठरला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा हा कायदा रद्द करा ही मागणीही वेतनाच्या मागणीबरोबर होती.

डिलाईल रोड

मी अभ्यासक नाही. माझी आजी गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात होती, म्हणून लिहिते आहे.

त्या हरताळात परळला कमल दोंदे गोळी लागून मारल्या गेल्या आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या, हे या धाग्यात अजून आलेले नाही. नाविक पुरुष, कामगार पुरुष, विद्यार्थीही पुरुष असेच चित्र वाचताना उभे राहते, म्हणून ही दोन नावे आधी लिहिली. त्या दोघी महिला संघटनेचे काम करत होत्या आणि चाळीतल्या बायकांना नावाने ओळखत होत्या.

आजी सांगायची की सकाळी भोंगा झाला तेव्हा जिन्यात कोणाच्या पावलांचा आवाज आला नाही, आणि एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदा भोंग्याची भीती वाटली. दुपारी गोरे सोजीर गाडीतून आले. बायकांनी मुलांना खाटेखाली घातले आणि गॅलरीतली वाळत घातलेली लुगडी आत ओढून घेतली, कारण काही हलले की त्या बाजूला गोळी येत होती. शेजारच्या खोलीतला एक मुलगा शिधा आणायला गेला होता. त्याच्या आईने तीन दिवस त्याचे ताट झाकून ठेवले.

धागाकर्ते म्हणतात की विसरलो ते आपण. ते का, याविषयी मला जे समजते ते असे. मी लहानपणी आजीला ‘तो गोळीबार’ विचारायचे, तेव्हा ती कधी फेब्रुवारीतला सांगायची आणि कधी गणपतीतला. सप्टेंबरच्या आरंभी मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली, पुन्हा संचारबंदी लागली, पुन्हा सोजीर आले, पुन्हा मुले खाटेखाली गेली. फेब्रुवारीत मदनपुऱ्याचे मोमीन विणकर आणि लालबागचे आमचे लोक एका बाजूला होते. सहा महिन्यांनी त्याच माणसांना एकमेकांच्या मोहल्ल्यातून कामावर जाण्याची भीती वाटू लागली. आजीच्या आठवणीत हे दोन्ही गोळीबार एकमेकांत मिसळून गेले होते आणि ते वेगळे करायला गेले की ती गप्प व्हायची. एकदाच तिने सांगितले की ज्या मोमीन जॉबराने हरताळाच्या आदल्या रात्री आमच्या चाळीत येऊन निरोप दिला, तो गणपतीनंतर खात्यात परत दिसला नाही.